‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’ सापडत नाही

विषय तांत्रिक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या भाषेचं आणि आपल्या पोट्ट्यांचं काम आहे.

पतसंस्थेची खाती, बाजार समितीची आवक, दवाखान्यातल्या नोंदी, सगळं आता डेटाबेसमध्ये असतं. जगभर वापरला जाणारा असा एक डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस. तो फुकट आहे. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकाने तो सुरू केला. १९९४ मध्ये विद्यापीठाने प्रकल्प थांबवला. एखाद्या सरकारी योजनेसारखा तो तिथेच संपला असता. पण अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषा जोडली, आणि १९९६ पासून वापरणाऱ्यांनीच तो खांद्यावर घेतला. कोणी कॅनडातून सर्व्हर दिला, कोणी अमेरिकेतून चुका दुरुस्त केल्या. वादिम मिखेयेव तर सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा, मॉस्कोपासून तीन हजारांहून जास्त किलोमीटर लांब. एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याचं वाचन अडू नये, ही १९९९ च्या आवृत्तीतली सोय मुख्यतः त्याच्या हातची. राजधानीत राहणं गरजेचं नव्हतं.

आता जपान बघा. तिथल्या लोकांना आपली लिपी डेटाबेसमध्ये नीट चालायला हवी होती. अमेरिकन कंपनी कधी करून देईल, याची वाट त्यांनी पाहिली नाही. तात्सुओ इशीई यांनी ते काम केलं. १९९९ मध्ये जपानी वापरकर्त्यांनी आपला रीतसर गट काढला, तो आजही आहे.

आणि आपण? देवनागरी अक्षरं आज छान दिसतात. अडचण शोधताना येते. मराठी शब्द विभक्तीत रूप बदलतो. ‘पाणी’ टाकून शोधलं की ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’ असलेले कागद सुटतात. महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोल्याला येणाऱ्या पाण्यावरचे जुने ठराव आणि बातम्या उद्या कोणी संगणकात टाकल्या, तर निम्म्या सापडणारच नाहीत. शब्दाचं मूळ रूप ओळखणारे नियम लागतात. ते पोस्टग्रेसमध्ये स्नोबॉल या मुक्त प्रकल्पातून येतात. तमिळ आणि नेपाळी २०१९ मध्ये आल्या, हिंदी २०२१ मध्ये. मराठी त्या यादीत नाही.

कोणी दुष्टपणा केला नाही. ज्या भाषेचे लोक बसले, त्यांचं काम झालं. आपले बसले नाहीत, एवढंच.

एकत्र बसून शिकणं महाराष्ट्राला नवीन नाही. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात द्राक्ष बागायतदारांनी एकमेकांना आपले प्रयोग सांगत बागा सुधारल्या. पदवी कोणी विचारली नाही. जे केलं, ते दाखवायचं, एवढी एकच अट.

अकोल्यात हे का जमू नये? इथे १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पतसंस्थांमध्ये संगणक सांभाळणारे, दुकानदारांना हिशेबाचे प्रोग्राम लिहून देणारे कितीतरी जण एकेकटे झगडतात. अडलं की पुण्याला फोन. एखादा हुशार पोरगा नोकरीसाठी तिकडे गेला, की त्याने लिहिलेलं समजणारा मागे कोणी उरत नाही. चार जणांना माहीत असलं, तर संस्था अडकत नाही.

फार काही लागत नाही. महिन्यातून एक रविवार, एखाद्या कॉलेजची खोली, दोन लॅपटॉप आणि चहा. उद्घाटन नको, हारतुरे नकोत, अध्यक्षपदाची भांडणं तर नकोतच. एकाने आपली अडचण मांडायची, बाकीच्यांनी डोकं लावायचं. सोबत मराठीचा शिक्षक हवाच, कारण ‘पाणी’चं ‘पाण्या’ कसं होतं, हे प्रोग्रामरपेक्षा त्याला जास्त कळतं.

मी बातमीदार माणूस, कोड मला येत नाही. पण खोली बघणं, लोकांना फोन करणं माझ्याकडे लागलं. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, कुठलेही असा. यायचं असेल तर खाली नाव आणि गाव लिहा. पाच नावं झाली की तारीख ठरवू.