ताज्या उसाची घाई

खोडशीचा बंधारा आणि कृष्णा कालवा झाल्यावर कऱ्हाड-वाळव्याच्या काळ्या रानात ऊस वाढला आणि त्यासोबत गुऱ्हाळंही. या गुऱ्हाळांची सगळी शिस्त घाईची: तोडलेला ऊस लगेच चरकात, रस लगेच काहिलीत, जोडीला चुन्याची निवळी, भेंडीचा रस आणि मळी काढणं. ही घाई निव्वळ सवयीची होती, असं मला वाटत नाही. तिच्यामागे अनुभवातून कळलेलं जीवशास्त्र होतं. रसातल्या चिकट बुळबुळीत गोळ्यांना जिवाणू कारणीभूत असल्याचं पाश्चरने १८६१ च्या सुमारास दाखवलं, तर १८७८ मध्ये व्हान टीगेमने त्या जिवाणूला ल्युकोनोस्टॉक हे नाव दिलं. हा जिवाणू साखर आत घेऊन खातोच, पण मोठा उद्योग पेशीबाहेर करतो. डेक्स्ट्रनसुक्रेज हे प्रथिन तयार होताना त्याच्या टोकाला एक छोटी खूण असते. ती ओळखून सेकए नावाची मोटर, एटीपी खर्चून, उलगडलेल्या प्रथिनाची साखळी पटलातल्या चिंचोळ्या वाटेने बाहेर ढकलते. खूण मग कापली जाते. बाहेर पडलेलं प्रथिन सुक्रोज फोडून ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या गुंफतं. हेच डेक्स्ट्रन. एवढा अजस्र रेणू आत बनवून पेशीला परवडला नसता.

यावर कुणी म्हणेल, काहिलीत उकळी आली की जिवाणू मरतो, मग भीती कसली? जिवाणू मरतो आणि प्रथिनही निकामी होतं, पण तयार झालेलं डेक्स्ट्रन तसंच राहतं. म्हणूनच उशिरा जाळ लावून भागत नाही. दुसरी शंका अधिक वजनदार आहे: तोडलेला ऊस उन्हात सुकतो, त्यातली साखर त्याच्याच विकरांनीही फुटते, मग सगळा दोष जिवाणूच्या माथी का? दोष वाटून घ्यावाच लागेल. शिळ्या रसाचा गूळ नीट बसत नाही, त्यात फुटलेल्या साखरेचाही हात असतो. मात्र चरकाखालची मांदणं आणि काहील धुण्याचा आग्रह उसाच्या सुकण्याने समजावता येत नाही. भांड्याला चिकटलेला कालचा रस आजच्या रसाला विरजण लावतो, हे गुळव्याला दिसत होतं.

१९५० आणि १९६० च्या दशकांत रेठरे बुद्रुक, सांगली इथे सहकारी कारखाने उभे राहिले आणि घाईचा ताबा गुळव्याकडून गव्हाणीपुढच्या रांगेकडे गेला. बैलगाड्या तिष्ठत उभ्या राहिल्या की उसाच्या कापलेल्या टोकांत जिवाणूला भरपूर वेळ मिळतो. डेक्स्ट्रनने रस दाट होतो, गाळणी तुंबते, साखरेचे कण लांबुडके पडतात. गंमत म्हणजे डेक्स्ट्रन प्रकाशाला साखरेच्याच दिशेने, पण कितीतरी जास्त वळवतं. त्यामुळे प्रयोगशाळेतला ध्रुवणमापक अशा खराब रसातही साखर आहे त्याहून जास्त दाखवतो.