ईस्टवूडबाईंचं कपाट

गेल्या शुक्रवारी ऑफिसात बॅकअपवरून जोरदार वाद झाला. 'सगळंच ठेवा' म्हणणारे एका बाजूला, 'जागा कुठाय?' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पण नेमकं काय गेलं तर पुन्हा मिळणार नाही, हे कुणालाच धड सांगता येईना. मला अ‍ॅलिस ईस्टवूड आठवल्या. म्हटलं, या वीकेंडला त्यांच्याबद्दलच लिहू.

ईस्टवूडबाई म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रानफुलांच्या अभ्यासक. जन्म १८५९ चा, टोरांटोमधला. लहानपणीच आई गेली. पुढे वडिलांकडे डेन्व्हरला आल्या, तिथे शाळा पूर्ण केली आणि शिक्षिका झाल्या. कॉलेजचं तोंड कधी पाहिलं नाही. वनस्पतिशास्त्र शिकल्या ते पुस्तकं वाचून आणि सुट्टीत रॉकी पर्वत पालथा घालून! १८८७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस डेन्व्हरला आला होता (हो, डार्विनच्या जोडीने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा तोच). त्याला १४ हजार फुटांहून उंच ग्रेज पीकवरची फुलं दाखवायला सोबत गेल्या त्या याच बाई. पुढे १८९२ साली युटाच्या रखरखीत भागातून घोड्यावर बसून फिरल्या आणि तिथलीही फुलं गोळा करून आणली.

ही फुलं म्हणजे बागेतली फुलं नव्हेत. वाळवंटातली बरीचशी फुलझाडं एका हंगामाची. पाऊस नाही झाला तर बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. चांगला पाऊस झाला की काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं! उंच डोंगरावर तऱ्हा वेगळी. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेमतेम दोन-तीन महिने मिळतात, तेवढ्यात सगळं उरकायचं. म्हणजे नमुना हरवला तर 'पुन्हा जाऊन आणू' हे बोलायला सोपं. पुढच्या वर्षी ते फूल तिथे असेलच याची खात्री नाही.

त्यातही काही नमुने खास असतात. नव्या जातीला नाव देताना जो वाळवलेला नमुना समोर असतो, त्याला 'टाइप' म्हणतात. ते नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलेलं. शंभर वर्षांनी वाद झाला की 'हीच ती जात का?' हे ठरवायला पुन्हा त्याच कागदाकडे जायचं.

१८९० च्या दशकात बाई सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये वनस्पतिसंग्रहाच्या प्रमुख झाल्या. तेव्हाची रीत अशी, की टाइप नमुने बाकीच्या हजारो कागदांतच आपापल्या जागी लावायचे. बाईंनी ती मोडली आणि टाइप वेगळे काढून एकाच कपाटात ठेवले. दिसायला किती किरकोळ काम!

१८ एप्रिल १९०६. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला आणि मग शहरभर आगी लागल्या. बाई मार्केट स्ट्रीटवरच्या अ‍ॅकॅडमीत पोचल्या तेव्हा आग जवळ येत होती. वनस्पतिसंग्रह सहाव्या मजल्यावर आणि संगमरवरी जिना ढासळलेला. रॉबर्ट पोर्टर नावाच्या एका स्नेह्याला सोबत घेऊन, लोखंडी कठड्याच्या गजांत पाय रोवत त्या वर चढल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या बाई, अंगावर त्या काळचा लांब स्कर्ट... विचार करा!

वर गेल्यावर शोधाशोध करावी लागली नाही. कपाट उघडलं, गठ्ठे बांधले आणि दोरीने खाली सोडले. सुमारे १५०० नमुने वाचले. स्वतःच्या वस्तूंपैकी घेतलं फक्त एक आवडतं भिंग. बाकीचा संग्रह, त्यांची पुस्तकं, लिखाण, सगळं जळालं. पुढे त्यांचं राहतं घरही आगीत गेलं.

आणि मग? बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काही वर्षं युरोप-अमेरिकेतले मोठे वनस्पतिसंग्रह अभ्यासले, १९१२ मध्ये अ‍ॅकॅडमीत परतल्या आणि पुन्हा डोंगर-वाळवंट पायाखाली घालू लागल्या. १९४९ मध्ये, नव्वदीत, निवृत्त झाल्या तेव्हा संग्रह तीन लाखांच्या पुढे गेला होता. १९५३ मध्ये त्या गेल्या. कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्याच्या कोरड्या टेकड्यांवर पिवळ्या फुलांचं एक झुडूप उगवतं, त्याच्या प्रजातीचं नाव आहे ईस्टवूडिया.

त्यांची गोष्ट सांगताना सगळे त्या गजांवरून चढण्याचं कौतुक करतात. ते आहेच. पण मला ते कपाट जास्त मोठं वाटतं. आगीच्या दिवशी विचार करायला वेळ नव्हता, पण तो विचार बाईंनी कित्येक वर्षं आधी, काहीही पेटलेलं नसताना करून ठेवला होता. नुसतं धैर्य असतं तर त्या दिवशी सहाव्या मजल्यावर हाताला लागतील ते कागद घेऊन खाली आल्या असत्या.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर जागेची चर्चा बाजूला ठेवून आधी यादी करायला बसायचं ठरवलंय. काय वाचवायचं, याची.