भरतीची वाट न पाहणारे

नागपूरच्या व्यापाराविषयी लिहिणाऱ्यांनी या शहराच्या मध्यवर्ती स्थानाचा इतका गौरव केला आहे की, हिंदुस्थानच्या चारही दिशांचे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथून माल आपोआपच वेगाने धावत असला पाहिजे, असा वाचकाचा सहज समज व्हावा. प्रत्यक्षात मध्यावर वसलेल्या गावी माल जितका येतो तितकाच तो अडूनही राहतो: कोणाची भरती पुरी व्हायची असते, कोणाला वाघीण मिळायची असते, तर कोणाचा रवन्ना दफ्तरातून सुटायचा असतो. या खोळंब्याच्या आश्रयानेच येथे एक व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिला आहे, ज्यात मालक एकटा, वाहन एकच, भांडवल बेताचे, आणि सारे कसब एवढेच की, गिऱ्हाइकाने सांगितल्या घटकेस त्याच्या दारातून निघावे व ठरल्या घटकेस दुसऱ्याच्या दारात उभे राहावे. आज हा व्यवसाय चारचाकी मालवाहू गाडीवर चालतो. परंतु त्याची वंशावळ बैलाच्या पाठीपर्यंत मागे नेता येते.

रेल्वेपूर्व काळात या मुलखातील अवजड वाहतूक बंजाऱ्यांच्या हाती होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात अशी आख्यायिका नमूद आहे की, शहाजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास दक्षिणेत उतरला तेव्हा भंगी व जंगी या दोन नाईकांचे एक लक्ष ऐंशी हजार बैल त्याच्या लष्करासमवेत होते, आणि त्यांची कोठे अडवणूक होऊ नये म्हणून वाटेतल्या वस्तीतून पाणी व वैरण घेण्याची मुभा त्यांना ताम्रपटावर सुवर्णाक्षरांत कोरून देण्यात आली होती. आकडा आख्यायिकेचा आहे, तो तेवढ्याच बेताने घ्यावा. पण सरकारी हुकमाचा पहिला उपयोग अडवणूक टाळण्याकडे व्हावा, हे मात्र अगदी पटण्यासारखे आहे. तांडा कोणाच्या निशाणाकडे पाहत नसे. १८०३ साली वेलस्लीच्या ज्या फौजेने २९ नोव्हेंबर रोजी आडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, त्या फौजेलाही धान्य पुरवणारे बंजारेच होते.

या तांड्यांनीच पुढे नागपूर-वऱ्हाडचा कापूस जबलपूरच्या वाटेने गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेला. अंतर सुमारे पाचशे मैल. प्रत्येक बैलाच्या पाठीवर अडीच-तीन मणांचे ओझे. चाल दिवसाला सहा-आठ मैलांची, कारण बैल वाटेत चरत चरतच जावयाचा. वैरणीचा खर्च नाही म्हणून भाडे स्वस्त, आणि भाडे स्वस्त म्हणून वेळेची हमी नाही, असा तो व्यवहार होता. नदीला पूर असला की तांडा अलीकडच्या काठावर पडून राही, आणि त्याच्या पाठीवरचा कापूस धुळीने व दवाने आपले मोल घालवून बसे. मात्र बंजाऱ्याची एक शहाणीव अशी होती की, तो रिकामा परत फिरत नसे. इकडून धान्य नेले तर तिकडून मीठ आणी. या शहाणिवेकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

ज्यांना तांड्याचा संथपणा परवडत नसे, अशांसाठी मराठी मुलखात हुंडेकरी होते. पेठेतला व्यापारी आपला माल हुंडेकऱ्याच्या स्वाधीन करी व एक ठोक रक्कम ठरवी. त्यानंतर वाटेतील जकातीच्या ठाण्यांचा भरणा, घाटवाल्यांची व नावाड्यांची समजूत, बैल बदलणे, रखवालदार नेमणे, ही सर्व यातायात हुंडेकऱ्याने आपल्या अंगावर घ्यावयाची. त्या काळी ठाण्याठाण्यावर जकात द्यावी लागे, आणि प्रत्येक ठाण्यावरील कारकुनाची मर्जी वेगळी असे. अशा परिस्थितीत कोणत्या ठाण्यावर कोण बसतो, कोणाला किती द्यावे लागते व कोणत्या आडवाटेने गेल्यास एक ठाणे टळते, हे ज्याला मुखोद्गत, त्याचा माल आधी पोहोचे. दोघांचे बैल सारख्याच चालीचे असले, तरी दोघांचे दिवस सारखे नसत. माझ्या मते तातडीच्या मालवाहतुकीचे खरे शास्त्र हुंडेकऱ्याने घडविले. नंतरच्या लोकांनी त्यात केवळ वाहने बदलली.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि १८६१ साली नागपूर नव्या मध्यप्रांताची राजधानी झाले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटून विलायतेतील गिरण्यांचा कापूस तुटला आणि हिंगणघाटच्या मालाला अपूर्व भाव आला. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ नागपुरास पोहोचले ते १८६७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ते युद्ध संपून व तेजी ओसरून दोन वर्षे होत आल्यावर. तेजीचा सगळा कापूस, अर्थातच, बैलांनी वाहिला. रेल्वेच्या आगमनाने तांड्यांचे दिवस मात्र भरले. ज्यांना एकेकाळी ताम्रपट मिळाल्याची कथा सांगितली जाई, त्यांच्यावर पुढे अनेक इलाख्यांत गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पाळत ठेवण्यात आली. हा अन्याय स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला.

रेल्वेने लहान वाहनवाला नाहीसा होईल, असे पुष्कळांना वाटले होते. घडले उलटेच. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेची वाट मोकळी केली, १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा हा दुवा जुळून दक्षिणोत्तर मार्ग सलग झाला, आणि जसजसा स्टेशनात येणारा माल वाढला तसतशी स्टेशनापासून पेठेपर्यंतच्या दोन-तीन मैलांची किंमतही वाढली. इतवारी, गांधीबाग, कॉटन मार्केट या परिसरात बैलबंडीवाल्यांचे अड्डे उभे राहिले ते यामुळेच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्यानंतर तर गिरणीचा भोंगा, जिनिंगचा हंगाम आणि मालगाडीचे वेळापत्रक या तिन्हींच्या मध्ये सापडलेला व्यापारी ज्याच्याकडे धाव घेई, तो हा बंडीवालाच. शंकरपटात बैल पळविणाऱ्या या प्रदेशात वेगवान जोडीची वाण कधीच नव्हती. मालधक्क्यावर हमाल तयार ठेवणे, बिल्टी सोडविण्यास माणूस आधी धाडणे आणि वाघीण उघडताच पहिली बंडी आपली लावणे, यावर धंदा ठरे. संत्र्याच्या बाबतीत ही निकड विशेष असे. मोर्शी, वरूड, काटोलकडची संत्री एकदा तोडली की पेटीत श्वास कोंडल्यासारखी तापू लागतात. गवताचा थर कमी पडला किंवा पेटी एक दिवस उन्हात राहिली, तर खालच्या ओळीतल्या फळांना पाणी सुटते, आणि समोरच्या बाजारातला अडत्या वरची फळे न पाहता पेटी उपडी करून भाव सांगतो.

या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, ज्याचा नागपूरकरांनी पुरेसा अभिमान बाळगलेला नाही. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघावे, मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानांनी नागपुरास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यावे, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करावी, आणि पहाट होताच ज्याने त्याने आपल्या शहरी परतावे, असा तो क्रम होता. थैल्यांबरोबर काही प्रवासीही असत, त्यांना या अवेळी नागपूर पाहण्याचा योग येई. कल्पना करावी: डाकोटा जातीची चार विमाने एका रांगेत, दिव्यांच्या उजेडात एका विमानाच्या दारातून थैल्या खाली येत आहेत व दुसऱ्याच्या दारात चढत आहेत, कारकून चिठ्ठ्या जुळवीत आहे, आणि एकाही विमानाला पूर्ण देश ओलांडण्याचे कारण उरलेले नाही. चार शहरांना परस्परांशी थेट जोडावयाचे तर सहा मार्ग लागले असते. येथे चारच पुरले. फेडरल एक्स्प्रेस या अमेरिकन कंपनीने मेम्फिस शहरी विमाने रात्री एकत्र आणून हीच युक्ती एप्रिल १९७३ मध्ये अमलात आणली आणि तिच्यावर जगभराचा व्यापार उभारला. नागपूर त्याआधी चोवीस वर्षे हे करीत होते. परंतु येथे ती सरकारी टपालाची सोय राहिली, आणि सोनेगावच्या कुंपणाबाहेरच्या एकाही वाहनवाल्याला तिच्यातून उद्योग निर्माण करण्याची मोकळीक मिळाली नाही. मोकळीक नसण्याचे कारण कायद्यात होते.

१९३९ चा मोटार वाहन कायदा रेल्वेच्या उत्पन्नाची काळजी वाहणाऱ्या काळात जन्मला. भाड्याने माल नेणाऱ्या लॉरीस परवाना हवा, परवाना एका प्रदेशापुरता, आणि दुसऱ्या प्रांतात शिरावयाचे तर तेथील अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी, अशी ती तजवीज होती. महायुद्धात पेट्रोलची टंचाई होऊन कोळशाच्या गॅसवर लॉऱ्या चालवाव्या लागल्या, ती आपत्ती एकवेळ सोसवली. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या वाहनवाल्यावर विलक्षण प्रसंग ओढवला. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हे कालपर्यंत त्याच्याच प्रांतातले जिल्हे एका रात्रीत परराज्य झाले. सावनेरवरून छिंदवाड्याला जाणारा रस्ता तोच, गिऱ्हाईक तेच, आणि मध्ये एक नवी सीमा. सबंध देशात फिरण्याच्या सोयीसाठी राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ साली आली खरी, परंतु ती मोठ्या ट्रकवाल्यांच्या कामाची होती.

एकट्या माणसाला खरा आधार मिळाला तो १९८८ च्या कायद्यातील सहासष्टाव्या कलमाच्या एका लहानशा पोटकलमाने: ज्या मालवाहनाचे भरलेले वजन तीन हजार किलोंपेक्षा अधिक नाही, त्याला परवान्याची अट लागू नाही. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, पण या सवलतीला शोभणारे वाहन बाजारात येण्यास आणखी वेळ लागला. बजाज टेम्पोची तीनचाकी व नंतर तिची मॅटाडोर यांनी वाट करून दिली होती, टाटांची ४०७ ही १९८६ पासून धावत होती. परंतु मे २००५ मध्ये टाटांची एस ही गाडी आली, लोकांनी तिचे नाव छोटा हत्ती ठेवले, आणि कालपर्यंत दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर असलेला माणूस स्वतःच्या गाडीचा मालक होऊ लागला. ७,५०० किलोंच्या आतील मालवाहनास हलके वाहन चालविण्याचा साधा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितल्यामुळे एक जुनी धास्तीही संपली.

आज वाडीच्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या गुदामांत चिल्लर माल दोन-दोन दिवस फुल लोडची वाट पाहत पडलेला असतो, तेव्हाच हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातून फोन येतो की, खाणीवरच्या पंपाची मोटार गुंडाळून तयार आहे व ती आज रात्रीच चंद्रपूरला पोहोचली पाहिजे. गाडीवाला भाडे सांगतो ते किलोवर नव्हे, गाडीवर. मोटारीचे वजन शंभर किलो असो की पाचशे, त्या रात्रीपुरती अख्खी गाडी तिची. डिझेल, टोल, हप्ता व विमा वजा जाता त्याच्या हाती काय राहते, हे सकाळी चंद्रपूरहून नागपूरकडे येणारा माल मिळाला की नाही यावर ठरते. बंजाऱ्याच्या मिठाचा हिशेब तो हाच. नवी गाडी घेणारे तरुण जाण्याच्या भाड्यावर भुलून कर्ज काढतात आणि परतीचे भाडे दलालाच्या मर्जीवर सोडतात. मी पाहिलेल्या बहुतेक बुडीत गाड्यांचे मूळ येथे आहे.

जकात मात्र आता अंगावर येत नाही. नागपूर महापालिकेची जकात २०१३ साली गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ जुलै २०१७ च्या वस्तू व सेवा करापूर्वीच बहुतांशी मावळला, आणि नाक्यांवरच्या रांगा ओसरल्या. त्यांची जागा ई-वे बिलाने घेतली असून, १ जानेवारी २०२१ पासून त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस अशी मोजली जाते. मिर्झापूरच्या वाटेवरील बैलाला तेवढ्या अंतरास पंधरा-वीस दिवस लागत. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून तर नागपूरचा गाडीवाला मुंबईच्या वेशीवरचे भाडे एका दिवसाच्या बोलीवर घेऊ लागला आहे.

बंजाऱ्यांचा वृत्तांत इंग्रजी ग्रंथांतून उरला, रेल्वेचे कागद तिच्या दफ्तरांत आहेत, हवाई टपालाची पाकिटे संग्राहक जपतात. बंडीवाल्यांचे आणि टेम्पोवाल्यांचे काहीच उरलेले नाही. जे असेल ते इतवारी-गांधीबागेतील जुन्या दुकानांच्या माळ्यावर, पिवळ्या पडलेल्या बिल्टीवह्यांत व भाड्याच्या खातेपुस्तकांत असेल. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी विदर्भ संशोधन मंडळाकडे एकदा दाखवाव्यात, एवढी विनंती आहे.