संधिप्रकाशातले भिंग

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफलीवर कोणती दुर्बीण चढवावी, हा प्रश्न युरोप-अमेरिकेतील शिकाऱ्यांत गेली शंभर-सव्वाशे वर्षे चघळला जात आहे, आणि नवखा शिकारी तो विचारू लागला म्हणजे दुर्बीण जनावर किती पटींनी मोठे करून दाखविते याचीच चौकशी बहुधा आधी करतो. या उपकरणाचा पूर्वेतिहास चाळून पाहणाऱ्यास मात्र असे आढळते की, ज्यांनी ते घडविले आणि ज्यांनी ते रानावनांत वागविले त्यांना पटींची वाण कधीच नव्हती. त्यांना छळले ते मावळत्या उजेडाने, नळीत शिरणाऱ्या पाण्याने आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याने.

पटी तर आरंभापासूनच मुबलक होत्या. जॉन रॅटक्लिफ चॅपमन याने अमेरिकन रायफलीवरील आपला ग्रंथ १८४८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातील युटिका गावचा बंदूककार मॉर्गन जेम्स हा बंदुकीच्या नळीइतक्याच लांबीच्या बारीक दुर्बिणी बसवून देत होता. पुढे १८५५ च्या सुमारास सिरॅक्यूस येथे विल्यम माल्कम याने अधिक निर्दोष भिंगे वापरून हा धंदा नावारूपाला आणला. याच काळात, मुंबई इलाख्याच्या फौजेत उमेदीची वर्षे घालविलेल्या डेव्हिडसन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८६२ साली अशा दुर्बिणीची सनद ब्रिटनमध्ये घेतली, आणि रायफलीच्या डाव्या कुशीला बसणारी त्याची दुर्बीण अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांच्या हाती गेली. युद्ध संपले आणि १८७० नंतरच्या दशकात माल्कमच्या दुर्बिणी गव्यांच्या चामड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी उचलल्या. उघडे माळरान, भर दिवसाचा लख्ख उजेड, शेकडो यार्डांवर निश्चिंत उभा असलेला कळप आणि टेकूवर विसावलेली जड रायफल, अशा स्थितीत लांब नळीचे आणि अरुंद दृष्टीचे ते यंत्र निर्वेधपणे चालले. परिणाम सर्वश्रुत आहे: ज्या गव्यांची गणती कोटींनी केली जाई ते १८८० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आत उरले. या संहाराचा मुख्य दोष दुर्बिणीकडे जात नाही, कारण बहुसंख्य बंदुकांवर ती नव्हतीच. परंतु तिच्या चरित्रातील हे पान उलटताना मन खिन्न होते.

आपल्याकडे मात्र या यंत्राने मूळ धरले नाही, आणि त्याचे कारण आपल्या रानांच्या ठेवणीतच सापडते. कोल्हापूरसारख्या संस्थानांत शिकारखाना नांदता असे, मध्य प्रांतात वाघाच्या शिकारीचे परवाने इंग्रज अधिकाऱ्यांना मिळत. पण साहेब असो की सरदार, हाक्यातून निघालेले जनावर मचाणापुढे येई ते वीस-तीस पावलांवर, तेही झुडपांच्या फटीतून आणि बहुधा पळत. अशा क्षणी दोन्ही डोळे उघडे ठेवून नळीच्या टोकावरची माशी जनावराच्या खांद्याशी नेणे एवढेच करता येते. डोळा भिंगामागे नेऊन वाघ शोधीत बसण्यास तिथे सवड नसते. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा अंत केल्याबद्दल १९०७ साली जी रिग्बी रायफल बक्षीस मिळाली, तिच्यावरही साधी माशी आणि साधी खाचच होती. शिवाय आपला पावसाळा असा की, दमट हवेने भिंगांवर बुरशीचे जाळे धरते आणि महागाचे उपकरण दोन हंगामांत आंधळे होते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा सगळा अध्यायच मिटविला, ही गोष्ट मला मनापासून समाधानाची वाटते.

दुर्बिणीचे खरे शिक्षण झाले ते मध्य युरोपच्या अरण्यांत. रॉइस राजघराण्याच्या वनखात्यावरील ऑगस्ट फीडलर या अधिकाऱ्याने १८८० साली शिकारीस खरोखर उपयोगी पडेल अशी दुर्बीण तयार केली, असे मानले जाते. १८९८ साली कार्ल काहलेस याने व्हिएन्नात आपला कारखाना काढला आणि लवकरच येना येथील झाईसही या व्यवसायात उतरला. तिथला शिकारीही मचाणावरच बसतो, पण हाकाऱ्यांची वाट पाहत नव्हे. रानडुक्कर आणि सांबराच्या जातीचे हरिण दिवसभर दडून राहते आणि सूर्य बुडाल्यावर कुरणाच्या कडेला येते, तेव्हा शंभर पावलांवर काळ्या झाडीपुढे एक काळा आकार हलतो आणि उघड्या डोळ्याला माशी दिसेनाशी होते. पश्चिम जर्मनीच्या १९५२ च्या शिकार-कायद्याने मोठ्या जनावरांच्या बाबतीत सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होणारी रात्र निषिद्ध ठरविली आणि रानडुकराला तेवढे वगळले. म्हणजे दीड तासाचा संधिप्रकाश कायद्यानेच शिकाऱ्याच्या पदरात टाकला, आणि डुकरासाठी तर चांदणी रात्रही मोकळी ठेवली. तिथली दुर्बीण कशी असावी हे या कलमाने जेवढे ठरविले तेवढे क्वचितच एखाद्या कारागिराने ठरविले असेल.

येथे थोडे गणित मांडणे इष्ट होईल. पुढच्या भिंगाचा व्यास पटींनी भागला म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. जर्मन शिकाऱ्यांत मान्यता पावलेल्या आठ पटी आणि छप्पन मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत ही चकती बरोबर सात मिलिमीटरांची पडते, आणि तरुण माणसाची बाहुली काळोखात साधारण तेवढीच विस्फारते. तेच भिंग ठेवून पटी सोळा केल्या तर चकती साडेतीन मिलिमीटरांवर येते. जनावर दुप्पट मोठे दिसते खरे, पण अंधुक. त्यातच काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शेकडा चार-पाच भाग प्रकाश परत फिरतो, त्यामुळे दहा पृष्ठभाग ओलांडताना जुन्या दुर्बिणीत तृतीयांश उजेड वाटेतच गळून जाई. झाईसच्या अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली भिंगांवर अतिसूक्ष्म लेप देऊन ही गळती रोखण्याची युक्ती काढली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात तिच्या तोडीचा शोध दुसरा नाही. नेम धरण्यासाठी दुर्बिणीत घातलेल्या फुलीचीही तीच कथा: कोळ्याच्या तंतूंची नाजूक फुली दुपारी सुरेख दिसते आणि सांजेला विरून जाते, म्हणून जर्मनांनी दोन बाजूंनी दोन आणि खालून एक टोकदार असे तीन जाड दांडे घातले; ओबडधोबड दिसणारे ते दांडे चंद्रप्रकाशातही डुकराच्या अंगावर ठळक उमटतात. सूल गावचे बंदूककार तर दुर्बीण क्षणात काढता-चढविता येईल अशी आकड्यांची बैठक बनवीत, म्हणजे तोच शिकारी सकाळी हाक्याला उघड्या माशीवर आणि सायंकाळी मचाणावर भिंगावर भिस्त ठेवू शके.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथल्या कित्येक राज्यांत सूर्यास्तानंतर सुमारे अर्ध्या तासातच बार बंद करावा लागतो, आणि शिकारी मचाणावर न बसता डोंगर तुडवीत फिरतो. त्याला हलकी, आखूड आणि रुंद दृष्टीची दुर्बीण हवी होती. चार पटींच्या दुर्बिणीत शंभर मीटरांवर सुमारे दहा मीटरांचा पट्टा दिसतो, आठ पटींत त्याच्या निम्मा, आणि उठून पळणारे हरिण निम्म्या पट्ट्यातून पाहता पाहता निसटते. बिल वीव्हर याने १९३० पासून तीन पटींच्याही आतली स्वस्त दुर्बीण विकायला आणली, तेव्हा ती प्रथमच सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीत आली. मोजणीची यंत्रे बनविणाऱ्या पोर्टलंडच्या लॉयपोल्ड कारखान्याची कथा अशी सांगतात की, मालकांपैकी एकाच्या दुर्बिणीत धुके दाटल्याने हरिण हातचे गेले आणि तो चिडून स्वतःच दुर्बीण करायला बसला. १९४७ मध्ये त्यांची पहिली दुर्बीण निघाली, आणि नळीतील हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याच्या पद्धतीने दवाची ती जुनी पीडा टळली. धक्क्याचा बंदोबस्त त्याहून सोपा होता: डोळा मागच्या भिंगापासून तीन-साडेतीन इंच दूर राहील अशी रचना हवी, नाहीतर जड गोळीच्या रायफलीने भुवई फोडलीच म्हणून समजावे.

निवडीचा प्रश्न असा अखेर माणसाच्या डोळ्याशी येऊन थांबतो. पन्नाशी उलटली की बहुतेकांची बाहुली काळोखातही पाच मिलिमीटरांच्या आसपासच उघडते, आणि सात मिलिमीटरांच्या चकतीतला कडेचा उजेड बुबुळावर पडून वाया जातो. ज्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने तारुण्यात छप्पन मिलिमीटरांचे अवजड भिंग डोंगरावर वाहून नेले, त्याला आता आठच पटींचे पण बेचाळीस मिलिमीटरांचे हलके भिंग पुरते. त्यातून येणारी सव्वापाच मिलिमीटरांची चकती त्याच्या डोळ्यात नेमकी मावते, आणि काळी झाडी व काळे डुक्कर त्याला पूर्वीच्या जड दुर्बिणीतून आज दिसले असते तेवढेच वेगळे दिसतात.