काय हवे आणि कसे आणावे

जून १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर माहितीसाठ्यातील नोंद शोधायची, तर ती कोणत्या नोंदीला कशी जोडली आहे हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावे लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅमही बदलावे लागत. कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत मांडली आणि वाट शोधण्याचे काम यंत्रावर सोपवले. चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलच्या पूर्वरूपात, 'काय हवे' एवढेच सांगायचे होते.

परंतु व्यवहार केवळ प्रश्नांवर चालत नाही. एका खात्यातील शिल्लक पाहायची, ती अपुरी असेल तर थांबायचे, नाहीतर रक्कम वजा करून दुसऱ्या खात्यात जमा करायची. इथे क्रम आला, अट आली. 'कसे' परत आले. हा नियम प्रत्येक प्रोग्रॅममध्ये निराळा लिहिला, तर कुठेतरी तो चुकणारच. म्हणून १९८० च्या दशकात सायबेसने आणि १९९२ मध्ये ओरॅकलने सातव्या आवृत्तीत अशी कृती डेटाबेसमध्येच साठवण्याची सोय केली. हीच 'स्टोअर्ड प्रोसीजर'. नियम माहितीच्या शेजारी नांदू लागला.

त्याची किंमतही मोजावी लागली. अशा कृतींच्या भाषेचे प्रमाण १९९६ मध्ये ठरले. तोवर प्रत्येक कंपनीची बोली रूढ झाली होती. कॉड यांनी प्रोग्रॅमला साठ्याच्या मांडणीपासून सोडवले होते. साठवलेल्या कृतींनी त्याला विक्रेत्याशी बांधले. डेटाबेस बदलायचा, तर तक्ते सहज हलवता येतात; कृती मात्र बहुधा पुन्हा लिहाव्या लागतात.