विकत घेतलेला एकांत

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मालदीवहून एक छायाचित्र धाडिलें. पाण्यांत खांबांवर उभारलेली झोपडी, भोंवतीं निळें उथळ पाणी, मागें माडांची रांग, आणि खालीं ओळ : 'चार दिवस चाकरांवांचून माणूस दिसला नाहीं, धन्य झालों!' ही धन्यता वाचून आम्हांस त्याच बेटांवरील दोन जुने पाहुणे आठवले.

पहिला इब्न बतूता. तो १३४३ सालीं तेथें उतरला. धर्मशास्त्र जाणणारा विद्वान अनायासें हातीं आलेला पाहून राज्यकर्त्यांनीं त्यास सहजासहजीं जाऊं दिलें नाहीं. तो तेथें काजी झाला, त्यानें तेथें लग्नें केलीं आणि लोकांच्या चालीरीतींवरून वादही घातले. नारळ, मासळी, काथ्याचे दोर, बंगालकडे जाणाऱ्या कवड्या, हें सारें त्यानें टिपून ठेविलें. हिंदुस्थानच्या बाजारांत एके काळीं चाललेल्या कवड्या पुष्कळशा याच बेटांतून येत.

दुसरा फ्रान्स्वा पिरार. १६०२ च्या जुलैंत त्याचें 'कॉर्बिन' नांवाचें जहाज तेथील प्रवाळखडकांवर फुटलें आणि १६०७ पर्यंत तो तेथेंच अडकून पडला. त्या सक्तीच्या वास्तव्यांत तो तेथील भाषा शिकला. गोव्यावरून मायदेशीं परतल्यावर त्यानें आपल्या प्रवासग्रंथांत त्या भाषेचा शब्दसंग्रहही दिला.

योगायोग असा कीं, मालदीवची वाट पर्यटकांना दाखविणाऱ्या इटालियन गृहस्थाचें आडनांवही कॉर्बिनच होतें. स्थानिक तरुणांच्या खटपटीनें ३ ऑक्टोबर १९७२ रोजीं एका निर्जन बेटावर तीस खोल्यांचें 'कुरुंबा' हें पहिलें विश्रामस्थान उघडलें. पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, वर झावळ्यांचें छप्पर. आणि नांवाचा अर्थ शहाळें! पुढें 'एक बेट, एक विश्रामस्थान' हा पायंडाच पडला. पाहुण्यांचा पैसा यावा, पण त्यांचें मद्य व राहणी आपल्या मुसलमानी वस्तींत शिरूं नये, हा यांतील हेतु समजण्यासारखा आहे. त्यामुळें वस्तीच्या बेटांवर परदेशी प्रवाशास बराच काळ बिऱ्हाड मिळत नसे. ती मोकळीक २००९ नंतर झाली.

माणसास त्याच्या माणसांपासून तोडून दूरच्या बेटावर धाडणें, ही मालदीवची जुनी शिक्षा होय. विसाव्या शतकांतही ती कायद्यांत होती. तोच एकांत आज भारी मोल देऊन विकत घेतला जातो. शिणलेल्या जिवास तो हवासा वाटावा, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु इब्न बतूता आणि पिरार यांच्यापासून आपल्याला जें मिळालें, तें त्यांना शेजार टाळतां आला नाहीं म्हणून मिळालें.

विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर लिहिलें : 'पुढच्या खेपेस दोन दिवस वस्तीच्या बेटावर राहा, आणि परततांना तेथील निदान दहा शब्द घेऊन ये.'