साथीचा रोग आणि जातवार मृत्यूंचे कोष्टक

स्मरणिकेतून आपल्या ज्ञातीचा पूर्वेतिहास दरवर्षी सांगितला जातो. यंदा आम्ही वाचकांपुढे एक कोष्टक ठेवीत आहोत. त्यात कोणाचा पराक्रम नाही. परंतु त्यातील एक ओळ आपलीही आहे.

इ. स. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली. १० जून रोजी गोदीवरील सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. सप्टेंबरात ती अधिक उग्र होऊन परतली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. पुढे रेल्वेने ती देशभर पोहोचविली. आणि आपल्या विरारहून मुंबईस आगगाडी तर १८६७ पासूनच धावत होती.

मुंबईतील त्या मृत्यूंची नोंद जातवार झाली. दर हजारी प्रमाण येणेप्रमाणे : युरोपीय ८.३, पारशी ९.०, देशी ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि ज्यांस अहवालाने ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हटले, त्यांचे ६१.६!

विषाणूस जात कळत नाही. मग हे अंतर पडले कशाने? त्या साली पाऊस बुडाला, धान्य महागले. ज्यांस समाजाने अस्पृश्य मानले, त्यांच्या वाट्यास कोंदट खोली, अपुरे अन्न आणि खाडा न चालणारे काम आले होते. तेव्हा अनेक ज्ञातिसंस्था आपापल्या बांधवांच्या मदतीस धावल्या, हे भूषणावहच होय. तथापि ज्या समाजापाशी पैसाच नव्हता, त्याच्या मदतीस कोणी धावावयाचे?

शतकानंतर कोरोना आला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांस संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. या वेळी मोजणी घरांवरून झाली, इतकाच फरक. ज्यांस घरी बसून काम करता आले, ते बसले. परिचारिका व सफाई कामगार मात्र नालासोपारा-विरारहून रोज मुंबईस जातच राहिले.

म्हणून आमची सूचना अशी की, ज्ञातीच्या औषधनिधीतील काही हिस्सा आपल्याच परिसरातील चाळींत राहणाऱ्या इतर जातींच्या गरीब कुटुंबांसाठी राखून ठेवावा. येत्या वार्षिक सभेत तिचा विचार व्हावा, अशी विनंती आहे.